माझ्या पश्चात हिला कोणी भरवावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पादत्राणे शिवण्याचा, राहणार इस्पितळाच्या मागच्या भिंतीलगतच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही. त्यातल्या गाठीबद्दल डॉक्टरीणबाईंनी काही लपवून ठेवलेले नाही, आणि त्यांच्या मते हा कागद पुढच्या महिन्यावर टाकण्यात शहाणपणा नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आहे ते एवढेच, की मी गेल्यावर माझ्या बायकोच्या तोंडात घास कोण घालणार हे सहा महिने मला समजत नव्हते. आज समजले आहे असे वाटते.

वकीलसाहेबांनी मला एक छापील नमुना दिला आणि म्हणाले, "मिस्त्री, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. बाकीचं मनात ठेवा." मी एक्केचाळीस वर्षे बाकीचे मनातच ठेवले. आता तिथे जागा उरलेली नाही. ज्यांना फक्त वाटणी वाचायची असेल त्यांनी प्रत्येक कलमाची पहिली ओळ वाचून पुढे जावे.

कलम पहिले. माझी पत्नी.

माझी पत्नी हयात आहे, वय अडुसष्ट, आणि माझ्या मिळकतीवर सगळ्यात आधी तिचा हक्क आहे.

आमचे इस्पितळ कुष्ठरोग्यांचे. या रोगात हातापायांची जाणीव जाते. पायात काच घुसली तरी माणूस चालत राहतो, आणि मग जखम, मग सडणे, मग बोट जाते. म्हणून त्यांच्या चपला वेगळ्या करतात. आत मऊ रबर, खाली कडक तळ, सगळे शिवून आणि चिकटवून. माझ्या चपलेत खिळा नसतो. एक जरी खिळा वर आला तरी घालणाऱ्याला कळणार नाही. हे काम मी केले, आणि माझी बायको मलमपट्टीच्या खोलीत होती. मी चप्पल शिवायची आणि तिने जखम धुवायची, असा आमचा संसार.

सहा वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग स्वयंपाकातले मीठ, मग मुलीचे नाव, आणि शेवटी मी. आता ती मला सगळ्या गावासारखे "मिस्त्री" म्हणते. संध्याकाळ झाली की म्हणते, "मिस्त्री, तुमचं काम झालं असेल तर आता घरी जा. माझे मालक यायची वेळ झाली." मी बाहेर जातो, दोन मिनिटे पायरीवर बसतो आणि परत आत येतो. कधी ती मला मालक म्हणून आत घेते. बहुतेकदा नाही घेत.

तिला जो कोणी सांभाळील त्याच्यासाठी सूचना: ती उजव्या कानाने ऐकत नाही, डावीकडून बोलावे. अंघोळीच्या वेळी ती मारते, त्याचा राग धरू नये, तिला वाटते कोणी परका तिचे कपडे काढतो आहे, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच आहे. आधी पाय धुवावेत. पायांपासून सुरुवात केली तर ती शांत राहते. हे मला दोन वर्षांनी सापडले. सापडेपर्यंत माझ्या हातावर तिच्या नखांचे ओरखडे असत, आणि उपासनेच्या वेळी मी बाह्या खाली ओढून बसत असे.

कलम दुसरे. माझी मुलगी.

माझ्या मुलीला, जी दुसऱ्या शहरात शाळेत शिकवते, मी बँकेत जे काही असेल ते सर्व आणि तिच्या आईचे शिलाईमशीन देत आहे. घराबद्दल पाचव्या कलमात लिहिले आहे. ते वाचून तिने माझ्यावर आणखी रागावू नये. पूर्वीचा राग पुरेसा आहे, आणि तो रास्त आहे.

तो राग कशाचा ते लिहितो. एकोणीस वर्षांपूर्वी तिचे लग्न ठरले होते. मुलगा चांगला होता, तिच्या पसंतीचा. मुलाकडच्या मंडळींना मी कुठे काम करतो ते नंतर कळले. त्यांनी निरोप धाडला की मिस्त्रींनी ते काम सोडावे, गावातल्या एखाद्या चपलांच्या दुकानात लागावे, म्हणजे चार लोकांत सांगता येईल. मी नाही म्हणालो. लग्न मोडले. इथपर्यंत माझी मुलगी माझ्या बाजूची होती. ती रडली, पण म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर केलंत."

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारले, कोणाला साक्ष द्यायची आहे का. आमच्या मंडळीत देवाने आयुष्यात काय केले ते सर्वांपुढे उभे राहून सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. मी उठलो. मी सांगितले की माझ्यावर मोठी परीक्षा आली, एका बाजूला पोटच्या मुलीचे सुख आणि दुसऱ्या बाजूला प्रभूची सेवा, आणि मी सेवा निवडली. मी म्हणालो, "हे रोगी माझे स्वतःचे लोक आहेत." बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती, आणि सगळी मंडळी वळून तिच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "काम सोडलं नाहीत, ठीक. पण माझं दुःख त्या सगळ्यांपुढे का मांडलंत? ते माझं होतं."

मी म्हणालो, "देवाच्या गौरवासाठी."

"देवाच्या?" ती म्हणाली. "आई त्या लोकांच्या घरी बसून जेवते. तुम्ही त्यांच्याकडचं पाणीसुद्धा पीत नाही. आणि साक्ष तुम्ही देता."

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. महिन्याभरात ती घर सोडून गेली.

तिने सांगितले ते खरे होते, म्हणून मी मारले. हा रोग ताटावाटीतून पसरत नाही, हे मी पाहुण्यांना समजावून सांगत असे. पाहुणे आले की इस्पितळाचे साहेब मलाच पुढे करत. मी रोग्यांचे पाय मांडीवर घेत असे, व्रण धुतलेल्या पायांची मापे काढत असे. पण चहा पुढे केला की माझ्या तोंडून निघे, "नको, आत्ताच झाला." पायांना हात लावणे हे माझे काम होते, आणि कामात मी सेवक होतो. त्यांच्या कपाला ओठ लावायला माणूस असावे लागते.

मार्चमध्ये गाठीचे कळले तेव्हा मी मुलीला फोन केला. बऱ्याच वर्षांनी. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, मला जमणार नाही. इथे माझी नोकरी आहे, दोन मुलं आहेत, आणि... मला जमणार नाही." त्या "आणि"नंतर ती जिथे थांबली तिथे काय होते ते मला माहीत आहे. मी म्हणालो, बरं. तिने विचारले, "तुम्हाला दुखतं का फार?" मी नाही म्हणालो. ते खोटे होते, ते इथे दुरुस्त करतो.

कलम तिसरे. मंडळी.

मंडळीला मी माझी लोखंडी कपाटे दोन, आणि बाकांची दुरुस्ती करायची हत्यारांची पेटी देत आहे. मागच्या दाराजवळच्या बाकाचा पाय हलतो. तो मला या वर्षी करायचा होता, राहून गेला.

मुलीच्या नकारानंतर मी पाळकसाहेबांकडे आणि मंडळीच्या पंचांकडे गेलो. म्हणालो, माझ्या पश्चात हिला कोणीतरी बघा. आळीपाळीने बघा. पंच चांगली माणसे आहेत, हे मी मनापासून लिहितो. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, लांब केली. मग खजिनदार म्हणाले, "मिस्त्री, देव वाट दाखवील."

मी म्हणालो, "तिला दुपारी साडेबाराला भूक लागते. वाट साडेबाराच्या आत दिसायला हवी."

ते हसले नाहीत. मीही थट्टा करत नव्हतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असे झाले. मंडळीतल्या एक बाई दोन दिवस येऊन गेल्या; तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोने त्यांच्या तोंडावर पेज थुंकली, आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. सहा वर्षांत मलाही कितीदा वाटले, की आपणही तिसऱ्या दिवशी थांबलो असतो तर.

मग वृद्धाश्रमात गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी फॉर्म भरून घेतला आणि "मारते का?" या रकान्याशी आले. मी "कधी कधी" म्हणालो. त्यांनी पेनाचे टोपण लावले.

कलम चौथे.

याला कलम म्हणता येणार नाही, यात कोणाला काही मिळत नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

जुलैतल्या एका सोमवारी दुपारी मी पेज केली आणि माझ्या दुखण्यासाठी मिळालेल्या गोळ्या कुटून त्या पेजेत मिसळल्या. दोघांना पुरतील एवढ्या. मी वेडा झालो नव्हतो. मी सगळे मांडून बघितले होते. मी आधी गेलो तर ती दोन दिवस भुकेली ओरडेल, मग कोणीतरी दार फोडील, मग तिला कुठल्या तरी खाटेला बांधून ठेवतील, कारण ती मारते. तिला बांधलेले मी डोळ्यांपुढे बघितले होते, पुन्हा पुन्हा. त्यापेक्षा हे बरे, असे मला वाटले. मी त्या दिवशी प्रार्थना केली नव्हती. खरे तर तीन-चार महिने प्रार्थना म्हणजे मी नुसता बसत होतो.

मी वाटी घेऊन तिच्यासमोर बसलो. चमचा भरला.

तिने तोंड उघडले नाही. डोळे मिटले, हात जोडले आणि थांबली.

ती जेवणाआधीच्या प्रार्थनेची वाट बघत होती. आमच्या घरात ती प्रार्थना नेहमी मी म्हणत आलो. तिला स्वतःचे नाव आठवत नव्हते, आणि तरी घास समोर आला की देवाचे आभार मानायचे असतात हे तिचे हात विसरले नव्हते. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितले, म्हणाली, "मिस्त्री, म्हणा ना. थंड होतंय."

मी "हे आमच्या बापा" एवढे म्हणालो. पुढचे शब्द आले नाहीत. त्या वाटीवर "तू दिलेल्या अन्नाबद्दल" असे म्हणायचे होते. मी ते म्हणू शकलो असतो तर आज हा कागद नसता.

मी वाटी उचलली, मोरीत ओतली, वरून पाणी ओतले, वाटी तीनदा घासली. गोळ्यांची उरलेली पुडी डॉक्टरीणबाईंना नेऊन दिली आणि सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या गोळ्या रोज मोजून त्यांच्याकडून येतात. तिच्यासाठी मी पुन्हा पेज टाकली. ती शिजेपर्यंत तिने मला भुकेने चार शिव्या दिल्या. त्या शिव्या ऐकताना मी मोरीशी उकिडवा बसून रडलो, तोंडात फडके धरून, कारण मी रडलो की ती घाबरते.

कलम पाचवे. घर, आणि इन्स्पेक्टरीणबाई.

माझ्या मालकीचे घर, दोन खोल्या, पुढचा पत्र्याचा आडोसा आणि मागची मोरी यांसह, माझ्या पत्नीच्या आणि जिला सगळे इन्स्पेक्टरीणबाई म्हणतात तिच्या हयातीपर्यंत त्या दोघींच्या राहण्यासाठी राहील. पत्नी आधी गेली तरी इन्स्पेक्टरीणबाईला कोणी उठवू नये. दोघींच्या पश्चात घर माझ्या मुलीचे.

हे नाव तिला इस्पितळातल्या आमच्या चपलांच्या कारखान्यात पडले. ती सत्तावीस वर्षांची असताना तिचा भाऊ तिला इस्पितळाच्या फाटकाशी घेऊन आला, म्हणाला, "तपासून घे, मी समोरून जरा पान खाऊन येतो," आणि आजतागायत आलेला नाही. ती मागच्या वसाहतीतल्या एका खोलीत राहते, आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. रोग कधीच बरा झाला. वाकलेली बोटे तेवढी राहिली. चप्पल हातात दिली की ती उलटीसुलटी करून बघते, शिवणीवरून अंगठा फिरवते आणि म्हणते, "इथे टाका ढिला आहे, मिस्त्री." अंगठ्याला काही कळत नाही, पण डोळा असा, की टाका खरोखर ढिला असतो. एकतीस वर्षांत तिने माझ्याकडून सहासष्ट जोड करून घेतले आणि एकदाही पहिल्या खेपेस पास केले नाही.

त्या सोमवारनंतर दोन दिवसांनी मी तिच्या दारात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. जिथे जायचे तिथे सगळीकडे जाऊन झाले होते.

"या, मिस्त्री. माप घ्यायचंय का?"

"नाही."

"मग बसा. चहा ठेवते."

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "नको, आत्ताच झाला."

ती हसायला लागली. "एकतीस वर्षं तुमचा चहा आत्ताच होतोय. किती पिता हो?"

मी उंबऱ्याबाहेर उभा. म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या पायांना कळत नाही, मिस्त्री. डोळ्यांना कळतं."

मी तिथेच, उंबऱ्यावर खाली बसलो. आणि मी त्या बाईला सगळे सांगितले: गाठ, मुलगी, पंच, रकाना, वाटी. वाटीचे ऐकून ती देवाने क्षमा केली वगैरे काही म्हणाली नाही. उठली, स्टोव्ह पेटवला, दोन मनगटांमध्ये पातेले धरून चहा ओतला आणि कप माझ्यासमोर ठेवला. त्याचा कान तुटलेला होता.

मी प्यालो. चहा गोड जास्त होता. काही चमत्कार झाला नाही. पहिल्या घोटाला मनात ते जुने आलेच, लाज वाटते पण आले. आले, आणि मी प्यालो.

मग ती म्हणाली, "तुमच्या घरवालीला मी बघीन."

मी म्हणालो, "ती मारते."

"मारू दे. मला कुठे लागतंय?" असे म्हणून ती स्वतःच्या विनोदावर हसली, आणि मग हसू थांबवून म्हणाली, "तुम्हाला माहीत नसेल. भाऊ सोडून गेला ना, तेव्हा मी जेवणं टाकलं होतं. तुमची बायको रोज दुपारी तिचा डबा घेऊन माझ्या खोलीत यायची. समजावत नव्हती, काही नाही. माझ्या ताटात आपली भाजी वाढायची आणि त्याच ताटातून जेवायला लागायची. बाराव्या दिवशी मला लाज वाटली. म्हटलं, ही एकटीच किती दिवस जेवणार? आणि मी घास घेतला."

त्या दिवसांत बायको दुपारी घरी जेवायला येत नसे म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. तिने कारण सांगितले नव्हते. इतकी वर्षे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरीणबाई आमच्याकडे आली. माझी बायको परक्या माणसाला बघून भिंतीशी सरकते, तशी सरकली. मग तिची नजर त्या वाकलेल्या हातांवर गेली. ती पुढे आली, हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केले.

"ही पट्टी कोणी बांधली? अशी बांधतात का?"

पट्टी नव्हतीच. तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी धुतलेल्या जुन्या चादरीची एक पट्टी फाडून दिली. तिने बोटाबोटामधून फिरवत, एकही चुणी न पडू देता पट्टी बांधली, टोक आत खोचले आणि म्हणाली, "ओली करू नका. परवा या."

"परवा नाही, बाई. रोज येईन," इन्स्पेक्टरीणबाई म्हणाली.

यावरून सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. माझी बायको तिलाही मारते. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मनगटावर काळानिळा डाग दिसला. तिला पत्ताच नव्हता, मी दाखवला तेव्हा कळले. तिच्या हातांना गरम-थंड समजत नाही. ती म्हणते, कोपराला समजते, आणि अंघोळीचे पाणी कोपराने बघते. मी अजून दारात उभा राहून बघतो. माझ्या पश्चात दारात कोणी नसेल. म्हणून सूचना: पाणी दोनदा बघावे. पहिल्यांदा कोपराने, मग थोडा वेळ थांबून पुन्हा कोपराने. स्टोव्हवरचे भांडे फडक्याशिवाय धरू नये, मग कितीही घाई असो.

शेजाऱ्यांपैकी दोघांनी मला विचारले की "तसली" बाई घरात कशी ठेवता. त्यांना मी या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही.

कलम सहावे. हत्यारे, वह्या आणि एक राग.

माझी रापी, आरी, हातोडी, लाकडी ठोकळे आणि शिवणयंत्र ज्याला हे काम शिकायचे असेल त्याला द्यावे. तीन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी कारखाना बंद केला. म्हणाले, "मिस्त्री, आता तयार माल येतो, दिसायलाही चांगला." मला शाल दिली. तयार चपलांच्या टाचेत खिळे होते. वर्षभरात दोघांचे पाय गुडघ्याखाली कापावे लागले. मी कापलेले पाय बघायला गेलो होतो. तो राग मी कोणाला देऊ शकत नाही आणि सोडूही शकत नाही. पाळकसाहेब म्हणतात, क्षमा करा. मी प्रयत्न करतो, आणि कापलेले पाय आठवतात.

पायांच्या वह्या, एकूण बेचाळीस, इस्पितळाच्या मलमपट्टीच्या खोलीत ठेवाव्यात. प्रत्येक माणसाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने काढलेली बाह्यरेषा त्यांत आहे, तारखेसह. एकाच माणसाची पाने लागोपाठ उलटली तर बोटे एकेक करून कमी होताना दिसतात. जिथे कमी व्हायची थांबली, तिथे माझी चप्पल होती. एवढा अभिमान मी ठेवून घेतो.

कलम सातवे. माझी माती.

मला साध्या पेटीत पुरावे. मातीच्या वेळी गीत म्हणावे, प्रार्थना करावी, पण माझ्याबद्दल कोणी साक्ष देऊ नये. मिस्त्रींनी आयुष्यभर रोग्यांचे पाय धुतले वगैरे कोणी म्हणू नये. पाळकसाहेबांना ही विनंती नाही, अट आहे. ज्या दिवशी माझी बायको त्या खोलीत एका ताटात जेवत होती त्या दिवशी कोणी बघत नव्हते. ज्या दिवशी मी बोललो त्या दिवशी दोनशे माणसे होती. देव कुठे होता ते मला आता कळते. पण फार उशिरा कळले, आणि या कळण्याचा माझ्या मुलीला काही उपयोग नाही.

तिला मी ऑगस्टमध्ये पत्र लिहिले. क्षमा मागितली, कारणे न देता, आणि आईला आता कोण बघते, कसे बघते तेही कळवले. उत्तर आले नाही. वाट बघण्याचा मला हक्क नाही, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी शिवण थांबवतो.

गेल्या रविवारी फोन आला. माझ्यासाठी नव्हता. तिने "त्या बाईंना द्या" असे म्हटले. मी फोन दिला आणि भिंतीशी उभा राहिलो. मला इकडचेच ऐकू येत होते.

"हो... हो, मीच. ... नाही, पेजच घेते, भात नको म्हणते. ... कोपराने बघते, दोनदा. ... केस मी विंचरते. वेणी जमत नाही मला, बोटं नाहीत ना. ... अंबाडा? तो मनगटाने कसा घालायचा? ... थांबा, थांबा, हळू सांगा. ..."

बराच वेळ बोलणे चालले. फोन ठेवल्यावर मी विचारले, "काय म्हणाली?"

"आईचं विचारत होती. दर रविवारी करीन म्हणाली."

"माझं काही?"

इन्स्पेक्टरीणबाई चपलेच्या टाक्याबद्दल खोटे बोलत नाही, तशी याबद्दलही बोलली नाही. "नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता माझ्या बायकोचे केस सोडायला बसली.

मुली, हे तुझ्या हाती पडेल तेव्हा मी नसेन. तू आलीस तर आई तुला ओळखणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दारात धक्का बसणार नाही. तरी ये. डाव्या बाजूला बस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या घड्याळजींनी करावी. ते सगळ्या गोष्टी वेळेवर करतात, फक्त स्वतःच्या दुकानाचे भाडे सोडून. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात घर सरळ मुलीला दिले होते, ते रद्द समजावे. इन्स्पेक्टरीणबाईला साक्षीदार करायचे माझ्या फार मनात होते. पण ज्याला काही मिळते त्याने सही करू नये, असा कायदा आहे म्हणतात, म्हणून ती शेजारच्या खोलीत आहे.

मी हे सर्व लिहिले, पुन्हा वाचले, आणि जे लिहिले ते माझ्या मनातले आहे.

(सही) मिस्त्री
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
मंगळवार, नऊ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता

साक्षीदारांचे निवेदन

वरील गृहस्थांनी आम्हा दोघांच्या समक्ष, शुद्धीवर असताना, प्रत्येक पानावर आणि शेवटी सही केली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या. वकिलांच्या मते पुढील नोंदीची गरज नाही. ती मृत्युपत्रकर्त्यांच्या सांगण्यावरून करत आहोत.

सही करताना त्यांचा हात थांबला आणि ते रडू लागले. त्यांची पत्नी उठून टेबलापाशी आली. तिने कागद बघितला, आम्हा दोघांना बघितले आणि विचारले, "कोण गेलं?"

ते म्हणाले, "अजून कोणी नाही."

"मग रडताय कशाला?" ती म्हणाली, आणि आपल्या पदराने त्यांचे तोंड पुसले, कानामागेही, जसे लहान मुलाचे पुसतात. पुसून झाल्यावर त्यांनी सही पुरी केली.

(सही) साक्षीदार पहिली: इस्पितळातील डॉक्टर
(सही) साक्षीदार दुसरा: घड्याळ दुरुस्त करणारा, शेजारी